भाईदासची चिठ्ठी आणि माझा दीड तास

सभेचे अध्यक्ष माननीय रुपचंदशेठ, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी शिक्षक, माझे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप. पहिल्या रांगेतले शिंदखेड्याचे कौतिकआबा, तिकडे भगिनींमध्ये बसलेल्या रहिमाबी अक्का, आणि बोलावूनही दाराशीच उभे राहिलेले त्यांचे चिरंजीव गनीभाई, सर्वांना माझा नमस्कार.

तेहतीस वर्षं या धुळ्यात मी कविता शिकवली. आज निवृत्त होतो आहे. मघाचे वक्ते म्हणाले, 'गुरुजी कवितेत रमले की घंटासुद्धा ऐकू यायची नाही.' खरं आहे. त्या न ऐकलेल्या घंटेबद्दलच बोलायचं आहे.

भिंतीवरचा तो फोटो भाईदासचा, कौतिकआबांच्या मुलाचा. पांझरा नदीचं गुडघाभर पाणीच काय ते पाहिलेला हा मुलगा लढाई लागताच आरमाराच्या दिमतीला असलेल्या विमानांच्या टेहळणी तुकडीत गेला. जाताना म्हणाला, "गुरुजी, तुमच्या कवितेतला समुद्र खरा का, ते बघून येतो."

त्या तुकडीचा इतिहास कोण लिहिणार? सरहद्दीवर झिजलेली, कापडी पंखांची जुनी विमानं. काम काय, तर मुंबईहून निघालेल्या जहाजांच्या पुढे उडायचं आणि पाण्याखाली पाणबुडीची सावली दिसते का ते बघायचं. मोठी लढाई नाही, पदक नाही. बेचाळीसच्या अखेरीस तुकडी मोडली, विमानं भंगारात गेली. बिनतारी यंत्राचा भरवसा नसे, म्हणून प्रत्येक विमानात पेटी आणि पेटीत दोन कबुतरं. ती सांभाळायला आपले गनीभाई. धुळ्यात त्यांच्या तोडीचा कबूतरबाज होता कोण?

कबूतर जिथे वाढतं तिथेच परततं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण भाईदासचं विमान शेवटचं उडालं त्या सकाळी किनाऱ्यावर वाढलेलं एक पाखरू आजारी पडलं. त्यांनी धुळ्याहून नेलेलं आपलं लाडकं काळंपांढरं अबलक कबूतर पेटीत घातलं. सहा महिन्यांत घर विसरलं असेल, असं वाटलं त्यांना.

ते विसरलं नव्हतं. विमान समुद्रात पडलं. पेटीतलं दुसरं पाखरू कुठेच पोचलं नाही. अबलक दुसऱ्या दिवशी दुपारी इथे, रहिमाबींच्या छपरावर उतरलं. पायाला इंग्रजी चिठ्ठी. लेकाची खुशाली असेल म्हणून त्या माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या.

"मास्तर, गनीनी चिठ्ठी शे. वाची द्या ना."

मी नेमकी समुद्राची कविता शिकवत होतो. "बसा अक्का, एवढी कविता होऊ द्या."

"होऊ द्या, होऊ द्या. माले काय घाई शे?"

मुलांना लाटा ऐकू याव्यात म्हणून एकेक ओळ तीनतीनदा म्हणून घेतली. दीड तास. मग चिठ्ठी उलगडली. विमान पाण्यात. दोघे जिवंत, रबरी होडीत. खाली ठिकाणाचे आकडे आणि भाईदासची सही.

तारघरापर्यंत धावलो. तार गेली, विमान निघालं, पण त्या जागी पोचेतो अंधार झाला. सकाळी होडी सापडली. उलटी.

चौकशीत सगळा ठपका गनीभाईंवर आला. नोकरी गेली. चिठ्ठी मुंबईऐवजी धुळ्याला आली म्हणून गावानेही सोडलं नाही. "काय गनी, मुंबईनी डाक धुयाले?" त्यांनी सगळी पाखरं वाटून टाकली. कौतिकआबा, चार वर्षं तुम्ही त्यांच्या सलामाला उत्तर दिलं नाहीत, आणि मी तुमच्या शेजारी बसून मान हलवत राहिलो.

त्या दीड तासाबद्दल रहिमाबींनी लेकालाही सांगितलं नाही. काल मी विचारलं, का हो अक्का? तर म्हणाल्या, "सांगीसन काय व्हई? गावना पोरे तुमनाकडे शिकतंस."

पाखरू चुकीचं होतं. पण ते वेळेवर आलं होतं. दीड तास आधी तार गेली असती, तर विमान उजेडात पोचलं असतं.

अध्यक्षमहाराज, आपण पांघरवलेल्या शालीबद्दल, या गावाने तेहतीस वर्षं दिलेल्या मानाबद्दल मी ऋणी आहे. गनीभाई, आत या. माझी खुर्ची रिकामी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते आपण पोटात घाला.

तो दीड तास मात्र पोटात घालू नका.