प्रभुभोजनाची नागलीची भाकर

मी सुरगाण्याकडची, डोंगरातली. आधी सखू व्हते, बापानं येशूचं नाव घेतलं तवा रूथ झाले, पन आजी मरेस्तोवर सखूच म्हणायची. पाऊस सरला का भात-नागली घरात टाकायची आन जीपात दाटीवाटीनं बसून पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचं, सारा पाडाच तसा. पाड्यावर प्रार्थनेची झोपडी व्हती, आमीच बांधलेली, कुडाच्या भिंती आन वर गवत. तिथं म्हयन्याच्या पयल्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायचे. शहरात त्याला पाव लागतो म्हणं, आमाला पाव कुठला, नागलीची, तुमच्या नाचणीची, भाकर मोडायची, आन द्राक्षारस म्हंजे बागेवरून आणलेले मनुके भिजवून कुसकरलेलं पाणी. भाकर माझ्या हातची. लगीन होऊन आले तवापासून माझ्याच हातची, कारण माझी भाकर गार झाली तरी चिरत नाय.

आन रीत काय, तर ज्याच्या मनात कोणाविषयी वैर हाय त्यानं त्या ताटाला हात लावायचा नाय. मंग आदल्या दिवशी लोक एकमेकांच्या दारात जायचे, बाई माझं चुकलं, दादा तुमची कोंबडी मीच हाकलली, असं बोलून मोकळे व्हायचे. लय चांगली रीत, मी तिला नाव नाय ठेवत.

तवा आमच्या डोंगरात मोबाईल आले नव्हते. पन हवा बिघडली व्हती, बाजारात लोक बोलायचे, हे बाटगे, ह्यांना हाकला. आन काय सांगू तुमाला, एका रविवारी भर दुपारी जीप आली, काठ्या घेऊन माणसं उतरली, तोंडाला रुमाल. आमचे मालक, माझ्या पोरीचे बाप, झोपडीच्या दारात हात जोडून बसले. उठले नाय, हात उचलला नाय, पाळकसाहेबांनी शिकवलं व्हतं तसंच. त्यांच्या गुडघ्यावर काठ्या घातल्या आन झोपडी पेटवली, गवताला किती वेळ लागतो. जो मालकांना मारत व्हता त्याचा रुमाल सरकला. शेजारच्या जनाबाईचा देवराम. आमाला बागेवर नेणारा-आणणारा जीपवाला तोच. मी पाहिला, मालकांनीबी पाहिला, चार हातावर तर व्हता.

फौजदार येण्याआधी पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसवलं, म्हणाले आपण क्षमा करायची, नाव कोणी घ्यायचं नाय. मंग सारे म्हणाले, साहेब, तोंडं बांधलेली व्हती, दिसलं नाय. मालक खाटेवर, गुडघा भोपळ्यावानी सुजलेला, तेबी म्हणाले दिसलं नाय. माझी पाळी आली. मी म्हटलं, देवराम व्हता.

पाळकसाहेब म्हणाले, रूथबाई, तू क्षमा नाय केली. मी म्हटलं केली साहेब, त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाय, पन पाहिलेलं पाहिलं नाय कसं म्हणू? ज्यानं काय केलंच नाय त्याला क्षमा तरी कसली? तर म्हणे बाई वाद घालते. मालक म्हणाले, उद्या घर पेटवलं तर पोरीला घेऊन कुठं जाशील. हे खरं बोलणं, हे मला कळतं. भ्यावं माणसानं, मीबी भ्याले. पन भीतीला क्षमेचं लुगडं नेसवलं ना, त्याचा मला राग आला, आजबी हाय.

केस काय उभी राहिली नाय. ज्याचा गुडघा फोडला तोच म्हणतो दिसलं नाय, मंग बायकोचं कोण ऐकतो? पुढं त्याच जीपमधल्या माणसांनी पलीकडच्या पाड्यावरची प्रार्थनेची झोपडी जाळली, तिथल्या एका म्हाताऱ्याचा हात मोडला. आमच्या लोकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. माझ्याकडं कोणी पाहिलं नाय.

आन प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी माझ्यापुढून ताट तसंच पुढं नेलं. म्हणे जबाब मागं घे, मन साफ कर, मंग बघू. भाकर मात्र माझ्याचकडून, आदल्या दिवशी निरोप यायचा, बाई, पीठ मळ. मी मळायची. माझा हात चालायचा, तोंड चालत नव्हतं.

एकदा उन्हाची देवरामची जीप बंद पडली, पाणी मागाय दारात आला. तांब्या दिला. खाली मान घालून प्याला. मी म्हटलं, त्यांना धड चालता येत नाय रे अजून. त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आन गेला. माझ्या मनात त्याच्याविषयी जे काय उरलं व्हतं ते तिथंच गेलं, पन हे पाळकसाहेबांना कोण पटवणार?

मालक देवाघरी जायच्या आधी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. मालकांनी तुकडा मोडून अर्धा माझ्याकडं धरला, आन म्हणाले, मीबी पाहिला व्हता त्याला. पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हणाले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आन मोठ्यानं प्रार्थना चालू केली. मी म्हटलं, तुमी खा. त्यांचा हात लय वेळ तसाच व्हता.

आता लेकीकडं नाशकात असते. इथल्या चर्चमध्ये मला कोणी ओळखत नाय, ताट सरळ पुढ्यात येतं, मी हात जोडते आन पुढं देते. लेक म्हणते, आई, घे की, इथं कोण विचारतंय तुला? मी म्हणते, पोरी, ज्यांनी नेलं त्यांनीच आणून द्यावं. पन ते नाय येणार आता, निम्मे मातीत गेले.

बसा, उठू नका, तवा तापलाय. पीठ तिकडचंच हाय. देव तुमाला सुखी ठेवो. कोणाशी वैर नसलं तरी खा, असलं तरी खा. माझ्या दारात कोणापुढून ताट नेत नाय.