रिबकाच्या वाटणीची भाकर

मंडळी, ऐका! आणि पुढं मांडी घालून बसलेल्या पोरांनो, तुम्ही तर कान देऊनच ऐका. पेटीवाले, हात जरा आवरा. आज कीर्तनाला मी एक प्रश्न घेऊन उभा आहे.

सत्य राखायचं म्हणून माणूस दुखवावा का?

बघा, किती झटकन माना हलल्या! "नाही, नाही!" बरं. मग आता दुसरा प्रश्न. दया दाखवायची म्हणून माणूस दुखवावा का?

का हो, आता माना का हलेनात?

धामणटेक नावाचं गाव. माळावर ख्रिस्ती लोकांचं एक दगडी देऊळ, आत प्रभूचं मेज, मंडळी शे-सव्वाशे माणसांची. त्या मंडळीत आमोसबाबा त्रिभुवन म्हणून एक पंच होते. कडक! उपासनेत कुणी जांभई दिली, तर बाबा मागं वळून असे बघायचे, की जांभई अर्ध्यातच परत आत जायची! हसू नका, तुमच्याकडेही असतील असे कुणी.

पण बाबा कडक का होते, ते आधी समजून घ्या. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्त पत्करला, तेव्हा भावकीनं त्यांना घराबाहेर काढलं. जमीन गेली, पाणी तुटलं. तो माणूस तापानं फणफणत गेला, आणि जाताना ओठांवर काय होतं? विश्वासांगीकार! पोरांनो, आपण रविवारी उभे राहून आपला विश्वास कोणावर आहे ते एका सुरात म्हणतो ना — तोच. बाबांना बापाकडून शेत मिळालं नाही, भांडं मिळालं नाही. ते शब्द तेवढे मिळाले. मग त्यातला एक शब्द कुणी गाळला, तर त्यांच्या काळजाला लागणार की नाही?

या बाबांची नात, रिबका. आई बाळंतपणातच गेली, बाप दुसरं लग्न करून दूर निघून गेला. आजोबांनीच तिला वाढवलं. वेणी घालायचे, घास भरवायचे. पोर सोळा वर्षांची झाली, पण समज पाच वर्षांच्या लेकराची. कुणी रडलं, की शेजारी जाऊन बसायची. कशाला रडता, विचारायची नाही. नुसती बसायची.

आता धामणटेकची रीत अशी, की मूल वयात आलं म्हणजे त्यानं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून विश्वासांगीकार न चुकता म्हणायचा. म्हटला, तर प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जागा, येशूच्या आठवणीची भाकर हातावर. अडखळला, तर पुढच्या साली!

रिबकाच्या बरोबरीची पोरं मेजाला बसू लागली. ही मागच्या बाकावरून बघायची. भाकरीची थाळी जवळ आली, की हात पुढं. आणि थाळी पुढं निघून जायची.

"आज्या, मला?"

"तुला नंतर, बाय."

दर वेळी नंतर!

अशात नवे पाळक आले. रेव्हरंड प्रभाकर शांतवन. शिकलेला, मोकळ्या मनाचा माणूस. त्यांनी रिबकाला शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोघं बसायची.

"रिबका, तुझा विश्वास कोणावर?"

"देवबापावर."

"शाब्बास! आणखी?"

"येशूवर."

"आणखी?"

"आन् आज्यावर!"

झालं! तिसरं नाव पवित्र आत्म्याचं, ती जागा आजोबांनी घेतली! पाळक हसले, तुम्हीही हसलात. पण आमोसबाबा हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "साहेब, त्या ओळीत माझं नाव कुठं घालता? मी पापी माणूस."

"बाबा, देवाला कळतं तिला काय म्हणायचंय ते."

"देवाला कळतं. पण शास्त्रात इशारा आहे ना, अयोग्य रीतीनं खाणारा आपल्यावर दंड ओढवून घेतो म्हणून? पोरीला दंड लागला तर? मी आज हाय, उद्या न्हाई. तिकडं देवापुढं तिच्या बाजूनं कोण उभं राहणार?"

मंडळी, हा हट्ट नव्हता. ही भीती होती! पाळकांनी ती ओळखायला हवी होती. पण त्यांना समोर जुनाट पंच दिसला, आजोबा दिसलेच नाहीत.

पुढचं प्रभुभोजन आलं. पाळकांनी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. थाळी घेऊन सरळ मागच्या बाकाशी गेले आणि भाकरीचा तुकडा रिबकाच्या हातावर ठेवला. वर मोठ्यानं म्हणाले, "प्रभूच्या मेजावर परीक्षा नसते!"

वाक्य चांगलं होतं. खरंही होतं. पण ते कुणाला उद्देशून होतं — रिबकाला, की बाबांना?

पोरीचा चेहरा असा उजळला! तुकडा तोंडात घातला. आणि आमोसबाबा उठले. धावत आले. लेकरानं विषारी बी गिळलं, तर आई काय करते? तेच केलं त्यांनी. एका हातानं तिचा जबडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं, आणि भाकरी बाहेर काढली.

रिबका आजोबांच्या हातातल्या तुकड्याकडं बघत होती. म्हणाली, "आज्या, म्या चोरली न्हाई. त्यांनी दिली."

त्या दिवशी मंडळी फुटली. निम्मी माणसं बाबांच्या मागं निघाली. रस्त्यापलीकडं पत्र्याची शेड उभी केली, वर पाटी लावली — 'सत्य मंडळी'. मग इकडच्यांनीही पाटी बदलली — 'प्रीती मंडळी'! रविवारी दोन्हीकडून कर्णे लागायचे. हे गीत सुरू करायचे, तर ते त्याहून मोठ्यानं दुसरं. सैतानाला त्या रविवारपासून सुट्टीच मिळाली असेल!

पाळकांचं नाव झालं. लांबून माणसं भेटायला यायची, पाठ थोपटायची. एकदा जेवताना त्यांची बायको सरलाबाई म्हणाल्या, "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"ती भाकर तुम्ही रिबकाला दिली होती, का आमोसबाबांच्या थोबाडीत मारली होती?"

पाळकांनी घास परत ताटात ठेवला.

"आणि ती पोर आता कुठं बसते, बघितलंत? तिकडं तिला मेजाला घेत नाहीत, इकडं ती पाय ठेवत नाही."

पाळक तसेच उठले आणि बाबांच्या घरी गेले. बाबा अंगणात बसले होते. वाळले होते अगदी. पाळक त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. "बाबा, तुम्हाला न विचारता दिली. चुकलो."

बाबांनी त्यांना हात धरून शेजारी घेतलं. मग म्हणाले, "साहेब, हे पोरगं तान्हं असताना बाप्तिस्मा झाला. तवा पाळकांनी विचारलं, विश्वास ठेवतेस का? कोण बोललं?"

पोरांनो, तुम्ही सांगा. तान्हं बाळ बोलतं का? नाही! मग त्याच्या बदली कोण बोलतं? घरचं माणूस!

"मी बोललो," बाबा म्हणाले. "तिच्या बदली सगळा विश्वासांगीकार मी म्हटला, आन् मंडळीनं मानला. मग आता का न्हाई म्हणता आला? ती तान्हीच हाय की अजून! मला सुचलं न्हाई, साहेब. आन् तुम्हालाही न्हाई."

कसं सुचणार? रीत तर मंडळीची जुनीच होती! दोघांच्याही मतात बसणारी. पण एकाला सत्य जिंकायचं होतं, एकाला दया जिंकायची होती.

पाळक म्हणाले, "आता म्हणा, बाबा." कुठं म्हणायचा? ह्या देवळात की त्या? दोन्हीकडं भांडण पेटलं असतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी घरातच पाटावर पांढरं फडकं अंथरलं. पाळकांनी भाकर आणली. बाबा उभे राहिले, रिबकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या बदली सबंध विश्वासांगीकार म्हटला. बापानं मरताना म्हटला होता तसा. एक शब्द गळला नाही.

पाळकांनी भाकर मोडली आणि तुकडा तिच्यापुढं धरला.

"घे, रिबका. तुझी आहे."

रिबकानं भाकरीकडं बघितलं. आजोबांकडं बघितलं. आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"घे, बाय," बाबा म्हणाले. "मी सांगतो, घे."

"नको. आज्या काढंल."

"न्हाई काढणार! देवाशपथ न्हाई काढणार!"

तिनं मान हलवली. हात काढले नाहीत. पाळकांनी समजावलं, सरलाबाईंनी जवळ घेतलं. बाबांनी तिच्यापुढं गुडघे टेकले. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, कारण ते रडत होते. पण तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. बाबा गेले, तरी नाही.

मंडळी, तुम्हाला वाटलं असेल, शेवटी हा म्हातारा कीर्तनकार गोष्ट गोड करील. नाही करता येत. दोन्ही पाट्या अजून तशाच आहेत.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्यातही वाद आहेत, मला ठाऊक आहे. गीत कुठलं म्हणायचं, बाप्तिस्मा कसा द्यायचा, कुणाला आत घ्यायचं. वाद घाला! मी नको म्हणत नाही. पण तोंड उघडण्याआधी जरा मागच्या बाकाकडं बघा. तुम्ही ज्याच्या नावानं भांडताय, ते लेकरू तिथं बसलेलं असतं. त्याला तुमचा मुद्दा कळत नाही. त्याला तुमचा हात तेवढा कळतो.

उद्या प्रभुभोजन आहे. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याचं घर इथून फार लांब नाही. उठा. आरती मी एकटा म्हणतो. तुम्ही जाऊन या.