पारोळ्याच्या अलीकडे, पिवळा दिवा

“हॅलो? हां, बोल डिंपल... पोहोचलीस? इतक्यात? गाडी नेलीस का विमान?”

पितांबरनाना जळगावच्या घरात पलंगावर बसून बशीतला चहा फुंकत होते. लेक आज पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन धुळ्याला निघाली होती, कॉलेजात नोकरीवर हजर व्हायला. आईचं म्हणणं, एसटीने जा. लेकीचं म्हणणं, आज गाडी नेली नाही तर ही चावी मला जन्मात मिळणार नाही. बोलली ते खोटं नव्हतं. नानांनी चावी दिली, आणि तेव्हापासून फोन मांडीवर घेऊन बसले होते.

“कुठे?... पारोळ्याच्या अलीकडे. बरं... दिवा? कसला दिवा?... अगं ऐक ना, ओरडू नको. लाल का पिवळा?... पिवळा ना? मग?... हो, हो... घोड्याचा नाल, अन् मध्ये उद्गारचिन्ह. अगं, मराठी शिकवायला निघालीस ना तू? उद्गारचिन्हाला घाबरतेस?”

सुनंदाबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या.

“काही नाही गं, गाडी लाडात आलीय जरा... तुला नाही, तुझ्या आईला सांगतोय. तू बाजूला थांबलीस ना?... हां. टायरात हवा कमी झाली, एवढंच म्हणतो तो दिवा... अगं, फुटला असता तर दिवा कशाला लागेल, आवाजच झाला असता... उतर, चाकं बघ. कोणतं बसलंय का?... लाथ मारून बघतेस? पहिल्या पगाराआधी चप्पल घ्यायला लावशील मला... मी येऊ का?... मोटरसायकल आहे ना, हा निघालोच... नको? बरं बाई, नको तर नको. विचारलं फक्त.”

विचारलं फक्त, पण पायात चप्पल चढली होती.

“पुढे पंप दिसतोय? मग हळूच जा तिथपर्यंत. फोन चालू राहू दे, पण बोलू नको... हो, मीही नाही बोलत... आला का पंप?... नाही बोलत, नाही बोलत... आला? हां. आता ड्रायव्हरकडचं दार उघड. चौकटीवर कागद चिकटवलाय, त्यावर काय लिहिलंय?... तेहेतीस. त्या हवावाल्याला मोजायला सांग... बावीस? आणि मागचं?... तेही बावीस?... चारही? अगं, चार चाकं काय आपसात ठरवून पंक्चर होतात?... काय म्हणतो तो? हवा भरायच्या नळ्यांना टोपणंच नाहीत? एकालाही नाही?”

नानांची मान हळूहळू कोपऱ्यातल्या खाटेकडे वळली. तिथे त्यांचे वडील, तोतारामआबा, एकाएकी फारच मन लावून जपमाळ ओढायला लागले होते. सकाळी घर आवराआवरीत होतं तेव्हा आबा एकटेच गाडीची पूजा करत होते. कुंकवाची वाटी घेऊन एकेका चाकापाशी उकिडवे बसून, चांगले निवांत. म्हाताऱ्याची किती ती भक्ती, असं सगळ्यांना वाटलं होतं. नानांनी नुसतं बघितलं. आबांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि काळी काळी चार टोपणं काढून खाटेवर ठेवली.

“डिंपल... चोर सापडला... घरातलाच... आबा, हवा तुम्ही सोडली?... ऐक, काय म्हणतात ऐक. ‘उन्हाया शे ना बेटा, टायर फुटी जाई, म्हनीसन काढी.’... अगं, भडगावला ट्रॅक्टरचं असंच करायचे ते, ऊन तापलं की... हो, मला माहीत आहे, कमी हवेनेच टायर जास्त तापतो. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्यांना तू सांग... आबा, चिडलीय ती तुमच्यावर... काय?... हसतेस?... आबा, हसतेय हो ती!”

आबांचा जीव भांड्यात पडला. नातीला जपायला गेले आणि नातीलाच घोर लावला, हे त्यांना फार लागलं होतं.

“भरली हवा? चारही? आता गाडी चालू कर... अजून लागलाय दिवा?... असं कसं... अगं, रडतेस काय? ऐक... डिंपल... काय म्हणालीस?”

नाना, तुम्ही या, म्हणाली ती.

खरं तर सकाळपासून नाना याच शब्दांची वाट बघत होते. मोटरसायकलची चावी हातात होती. सुनंदाबाईंनी डोक्याला बांधायचा रुमालही पुढे केला होता. गेले असते तर लेक खूश, बायको खूश. पण मग डिंपलला पुन्हा कोणी गाडीला हात लावू दिला नसता, आणि उद्यापासून तिने स्वतःच एसटी धरली असती. नानांनी चावी पलंगावर ठेवली.

“नाही येत मी... नाही म्हणजे नाही... हो, मघाशी मीच म्हणत होतो. आता मीच नाही म्हणतो... रड, रडून घे, पण ऐक. हवा भरली हे गाडीला सांगावं लागतं, त्याशिवाय तिला कळत नाही. स्टीअरिंगच्या खाली, उजव्या हाताला बघ. बटणावर तोच नाल काढलाय... सापडलं? दाबून धर. सोडू नको... लुकलुकतोय? लुकलुकू दे... अजून धर... गेला?... गेला! गेला म्हणते गं!... कोणी घालवला? मी? मी इथे चहा पितोय. तू घालवलास...

“आता डोळे पूस. मुकटी येईल, फागणे येईल, की आलंच धुळं... नको, मला मध्ये फोन करू नको... मी? मी कशाला करेन?... नाही करत गं, तुझ्या आईची शप्पथ... बरं... हो... हो, हो... अगं निघ ना आता! ठेवतो मी.”

ती अजून काहीतरी बोलत होती. रोज लेकीने दोनदा ‘ठेवा आता नाना’ म्हटल्याशिवाय फोन न सोडणाऱ्या पितांबरनानांनी आज आपणहून लाल बटण दाबलं.