माणिकला चिमटा लावायच्या आधी

टेका साहेब, त्या दगडावर टेका जरा — सुई भिनायला धा-पंधरा मिन्टं लागतेत म्हणताव, तर तवर उभं कशाला ऱ्हायचं? खच्ची करायचा चिमटा तेवढा गोणपाटाखाली ठेवा, जनावराला दिसाया नको. भेव वाटून राहिलं? न्हाई हो, काही करत न्हाई माणिक. आता तुमी म्हणाल, शेषेराव, ज्यानं तुमच्या सख्ख्या भावाला चिरडलं त्याच्याबद्दल असं बोलताव — बरोबर हाय तुमचं. अख्खं गाव म्हणलं, वळू माजला. आन माणूस मारलेल्या वळूचं बी आमच्याकडं कुणी आपल्या गाईला घेत न्हाई, आज्या-पंज्यापासून तसंच हाय — खच्ची करायचा आन औताला जुंपायचा. दादा गेला तसं सिंधुवहिनींनीच बोलावलं ना तुमाला कंधारहून? मी न्हाई बोलावलं. मी नको म्हणत होतो — म्हंजे, मोठ्यानं न्हाई म्हणलं.

भागवतदादाची एकच जिद. लाल कंधारी वैरणीवरची जात, म्हणायचा — कडबा, हिरवं गवत, माळावर चरणं, सणासुदीला मूठभर पेंड, बस. दाण्यावर फुगवलेला वळू दिसाया पहिलवान, पण गाईपाशी गेला की धापा टाकतो आन दोन-चार वर्षांत पायानं जातो. खरंच होतं त्याचं, मी कुठं खोटं म्हणतो. माणिकला दावलेली गाय पहिल्याच खेपंला गाभण ऱ्हायची, पार मुदखेडहून लोक टेम्पोत घालून गाई आणायचे. पण मी म्हणायचो, दादा, वासरं चांगली व्हतेत हे आपल्याला मालूम, जत्रेत पहिला नंबर कुणाला भेटतो? ज्याचे पुठ्ठे भरलेत त्याला. मागल्या साली माणिक चौथा आला. टोणग्यावानी फुगलेला एक वळू फेटा बांधून घेऊन गेला. दादा नुसता हसला. मला काही हसू आलं न्हाई.

खुराकडं काय बगताव? वळ्या हायत, हाव. उन्हानं आल्या असतील. चारी खुरांवर, एकाच उंचीला — हाव, एकाच उंचीला. तुमी लई बारीक बगताव साहेब. जाऊ द्या, हातच्या काकणाला आरसा कशाला, तुमाला तर कळलंच असंल.

यंदा जत्रेच्या आधी दादा-वहिनी आठ दिवस मुरुडला गेले, वहिनींच्या माहेरचं लग्न होतं. मला म्हणला, शेषू, वैरण तेवढी येळंवर टाक. टाकली की. वरून जोंधळा भिजवून टाकला — रोज एक टोपलं, चौथ्या दिवशी दोन. चार वर्षं गवतावर वाढलेलं पोट ते, दाण्याची सवय लावाया महिना लागतो, हे मला ठावं नव्हतं का? ठावं होतं. पण जत्रा तोंडावर आली होती ना. आन अंगावर काय तेज आलं बगा त्याच्या — नदर लागावी असं. मंग पाचव्या दिवशी शेण पातळ, सहाव्या दिवशी चारी पाय पोटाखाली घेऊन उभा, खूर तव्यावानी गरम — बाधलेला दाणा खुरात उतरतो, त्याच्याच ह्या वळ्या. मी काय केलं? गव्हाण धुतली. दाणा ऱ्हायला नको एक बी, म्हणून दोनदा धुतली.

दादा सकाळी आला, हातात पिशवी तशीच. म्हणला, ह्याच्या पायात काटा मोडला वाटतं — आन बसला की खाली खूर उचलाया. मी इथंच होतो, तुमी बसलाव त्या दगडापाशी. ‘दादा, थांब,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणलं असतं तर त्यानं इचारलं असतं, का रे? म्हणून न्हाई म्हणलं. माणिकला कळ सोसंना, तो भिंतीकडं आडवा आला, आन दादा मधी. नांदेडला नेताना टेम्पोत माझा हात धरून इचारून राहिला — काय खाल्लं रे ह्यानं, शेषू? मरायला टेकलेला माणूस, आन इचारतो जनावरानं काय खाल्लं. मी म्हणलं, वैरणच, दादा. मान हलवली त्यानं. माझ्यावर इश्वास होता त्याचा.

उठताव कशाला? चिमटा पिशवीत का घालून राहिलाव? — जनावराचा कसूर न्हाई, हे मला सांगताव साहेब? — वहिनींना मीच सांगावं म्हणताव. त्यांच्या हातचं दोन टाईम जेवतो मी. त्या मला दादाच्या जागी मानतेत, पोरीचं लग्न माझ्या भरवशावर ठरवून राहिल्यात. आन मी जाऊन म्हणू, की — हळू बोला. आल्या त्या. मी सोता उभी ऱ्हाऊन बगणार म्हणल्या होत्या.

या वहिनी. न्हाई, काही न्हाई, साहेब खूर बगत होते, बस. हाव, माजलाच होता तो. साहेब बी तेच म्हणून राहिले — व्हय ना साहेब? काढा चिमटा. मी शेपूट धरतो.