ओवीला वाचता येत नाही म्हणे

ऐक, माझी नात ओवी इथल्या हिंदी शाळेत दुसरीत आहे. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. "आंटीजी, किताब में कुछ लिखा है, ये कुछ और पढ़ती है. कमजोर बच्चों में बिठाना पड़ेगा."

मी म्हटलं, "मेरे सामने पढ़वाओ."

पुस्तकात होतं, 'बंदर पेड़ पर चढ़ गया.' ओवीनं वाचलं, "माकड झाडावर चढलं."

"देखिए," बाई म्हणाल्या.

घरी माझा कायदाच आहे, हिंदीचा धडा आजीला मराठीतच वाचून दाखवायचा. पोरगी शाळेतही तेच करून राहिली होती.

मी म्हटलं, "ओवी, आता मॅडमला समजेल असं वाच."

तिनं अख्खं पान हिंदीत घडाघडा वाचलं.

"जाओ बेटा, अपनी जगह बैठो," बाई म्हणाल्या.

जाता जाता ओवी मला विचारते, "आजी, तुला समजलं ना?"