काचेमागचा चेहरा

संग्रहालयाच्या रांगेत माझ्यापुढचे दोघे काचेकडे वाकून पाहत होते. काचेमागे तेराशे वर्षांपूर्वीचं अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडमधलं, भुवया-नाक-गाल असलेल्या लोखंडी मुखवट्याचं शिरस्त्राण होतं, गंजलेल्या तुकड्यांतून पुन्हा जुळवलेलं. ते जुळवणारी नैना आपलं काम निवृत्त सर्जन सुमंतकाकांना दाखवायला आली होती.

"सांधा कुठे दिसतच नाही गं."

"हळू बोला, काका."

"का? कौतुक करतोय."

"सांधा दिसायला हवा असतो. हरवलेल्या तुकड्यांच्या जागी आम्ही प्लास्टर भरतो, पण रंग मुद्दाम फिका ठेवतो. मी गंजाचा रंग हुबेहूब आणला."

"आमच्याकडे असे टाके घातले की शाबासकी मिळायची."

"इथे जॉब जातो."

"कोणाला कळणार आहे?"

"उद्या इंग्लंडहून टीम येतेय. एक्स-रे काढणार आहेत. त्यात लोखंड ठळक उमटतं, प्लास्टर नाही."

"मग आजच बॉसला सांगून टाक. एवढा भाग माझा, बाकीचा जुना."

"मी कालच एक एक्स-रे काढून पाहिला, काका."

"बरं केलंस. काय दिसलं?"

"भुवया दिसल्या."

"आणि नाक? गाल?"

"रांग पुढे सरकली, काका."

"नैना, या चेहऱ्यात जुनं लोखंड आहे तरी किती?"

ती वळली आणि रांग सोडून दाराकडे चालू लागली.