पायांनी वाजवलेली चाल

—नाही हो फादर, लपवायचंय काय त्यात, विचाराल ते दाखवतो. इकडे बसा, ते बाक हलतं. हे ऐका — सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली उतरतात ना, तो शोक. आणि हे चार सूर एकमेकांना छेदून जातात, तो क्रूस. कागदावर रेघा ओढून बघा, क्रूसच दिसेल. शब्द नसले तरी ऑर्गन बोलतोच — म्हणजे, आपल्या चर्चचंच बोलतो.

पायांनी? पायांखालच्या पट्ट्यांवर काय, नुसता आधार. लांबलांब सूर, वरचं सगळं त्यांच्यावर उभं. असेल कुठली तरी जुनी चाल. लूथरवाल्यांची? मला काय माहीत त्यांची गाणी, आर्चबिशपांनी बंदी घातलीय ना. आणि इतकं सावकाश वाजवल्यावर कुणाला कळणार? म्हातारी उर्सुला प्रार्थनेत मध्येच उभी राहिली ती गुडघ्यांपायी, बसून बसून आखडतात. लोहाराची बायको रडली ती — तिचं नाव तुम्ही काढलंच नव्हतं, नाही का. मीच आपला बडबडतोय. सोडा ते.

फादर, परवा त्या पाववाल्याला नि बायकोला लूथरवाले निघाले म्हणून सरहद्दीपार हाकललं आणि लहान पोरं ठेवून घेतली, कॅथलिक म्हणून वाढवायला. ती बाई घाट चढताना सारखी मागे बघत होती, पहारेकरी ढकलत होते. माझी रोझिना सात वर्षांची आहे. आई नाही तिला, माझा हात धरल्याशिवाय झोपत नाही. मी असलं काही करीन का, वेड लागलंय का मला? धर्म शब्दांत असतो, शब्द मी कुठे वाजवतो? रोझिनालाच विचारा — ती म्हणते, बाबा, तुमचे पाय सुरू झाले की मी मनातल्या मनात कडवी म्हणते, ओठ मुळीच हलवत नाही—

काही नाही. काही नाही म्हटलं ना. पोरीचं काय मनावर घेता.

लिहू नका. थांबा — बरं, लिहा. माझं लिहा, पण तिचंही लिहा, फादर, पाया पडतो. ती पक्की लूथरवाली आहे, माझ्यापेक्षा पक्की. सगळी कडवी पाठ आहेत, आत्ता म्हणून दाखवेल. तिला कॅथलिक करायला जाल तर हात टेकाल तुम्ही. माझ्याबरोबर हाकला तिला, बर्फातून हाकला, मी खांद्यावर नेईन.

फादर, तो जिना आमच्या खोलीकडे जातो. ती झोपलीय. तिकडे जाऊ नका.